सूट नको, पुस्तक द्या

परदेशी भाषेचं आजचं पाठ्यपुस्तक चित्रांवर चालतं. जर्मनच्या ए१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या धड्यात वाक्यं मोजकी आणि फोटो भरपूर. दोन माणसं हात मिळवतायत, एक बाई कॉफी पितेय, भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ वाजलेत. यामागे विचार आहे. मराठीत किंवा इंग्रजीत अर्थ सांगत न बसता चित्र दाखवायचं आणि नवी भाषा थेट कानावर घालायची, म्हणजे विद्यार्थी मनात भाषांतर करत अडकून पडत नाही. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत जर्मन शिकवते आणि ही पद्धत मला मनापासून पटते. पण न दिसणारी मुलगी वर्गात आली, की नेमकी हीच पानं तिच्यापुढे कोरी होतात. इतरांना सोपं जावं म्हणून जे केलंय, तेच तिला बाहेर ठेवतं.

ती भुदरगड तालुक्यातली. जन्मापासून दृष्टी नाही. मराठी ब्रेल लहानपणापासून येतं, पडद्यावरचं बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर वापरते, फोन टॉकबॅकवर आणि लॅपटॉप एनव्हीडीएवर झरझर चालवते, राज्यशास्त्रात बी.ए. झालेली. पहिल्या दिवशी वडील सोबत होते. "मॅडम, पोरीला दिसत न्हाई, पर एकदा ऐकलेलं इसरत न्हाई," एवढंच बोलून ते बाकावर बसून राहिले. बाकीचं तीच बोलली. कॉलेजात असताना तिनं परदेशी भाषा घ्यायची म्हणून चौकशी केली होती. तिथे तिला सांगितलं गेलं, की तुला भाषेतून सूट मिळते, ती घे, उगाच त्रास कशाला. हे सांगून ती म्हणाली, "मला सूट नको मॅडम. पुस्तक द्या, मी करतो."

सूट देणारी तरतूद खरी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या सतराव्या कलमात अभ्यासक्रम आणि परीक्षा यांत योग्य ते बदल करायला सांगितलं आहे, आणि त्याची उदाहरणं दिली आहेत: पेपरला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट. काही मुलांसाठी ही सूट म्हणजे मोठा आधार असतो. घरात खुणांची भाषा, शाळेत मराठी, वर हिंदी आणि इंग्रजी, अशा ओझ्याखाली असलेल्या कर्णबधिर मुलाला एक भाषा कमी झाली तर ते मूल श्वास घेतं. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ही तरतूद सुरू होते ती बदल करण्यापासून. शाळा-कॉलेजात मात्र बदलांपर्यंत कुणी जातच नाही, कारण सूट एका सहीनं देता येते आणि बदल करायला वर्षभर राबावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की सूट मागायची का नाही हे मुलानं आणि घरच्यांनी ठरवावं, तेही अभ्यासाची वाट खुली करून दिल्यावर.

मी पेन्सिल घेऊन पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसले. प्रत्येक स्वाध्यायासमोर एकच प्रश्न लिहायचा: यात काय तपासलं जातंय? भाषा, डोळे, कान, की हाताचा वेग? उत्तरं लिहिताना मी थक्क झाले. "चित्र पाहून किती वाजले ते सांगा" यात जर्मन किती आणि घड्याळाचे काटे वाचणं किती! "योग्य जोड्या लावा" मध्ये अर्धं काम रेघ ओढण्याचं. "फळ्यावरचं उतरवून घ्या" यात भाषा जवळजवळ नाहीच. जिथे भाषा तपासली जात होती तिथे मी हात लावला नाही. ते तिला इतरांइतकंच यायला हवं, त्यात कणभरही कमी नको, हे मी तिलाही सांगितलं. बाकीचं सगळं बदलायला मोकळं होतं.

आधी पुस्तकच वाचण्याजोगं करायला हवं होतं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो असतो, स्क्रीन रीडर तिच्यापुढे गप्प बसतो. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारी सोय, वापरली, पण तिला भाषा जर्मन आहे हे आधी सांगावं लागतं. नाहीतर अक्षरांवरची दोन टिंबं गळतात आणि शब्दच बदलून जातो. इथे कायद्याची बाजूही सांगते, कारण पुष्कळ शिक्षक याच भीतीनं थांबतात. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि दिव्यांग वाचकासाठी पुस्तकाची सुगम प्रत करायला मुभा मिळाली. अशाच हेतूनं २०१३ मध्ये माराकेश इथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला सगळ्यात आधी मंजुरी देणारा देश आपला होता. तेव्हा हे काम चोरून करायचं नाही. मी वर्गात उघड सांगितलं आणि मुलांनी पानं वाटून घेतली. मूळ पुस्तक डाव्या हाताला, संगणकातला मजकूर उजव्या हाताला, ओळ न् ओळ तपासायची. त्या वर्षी माझ्या वर्गाचं शुद्धलेखन जेवढं पक्कं झालं तेवढं कधीच झालं नव्हतं.

मग आवाज. जर्मन मजकूर इंग्रजी आवाजात वाचला की जे कानावर पडतं ते कुठल्याच भाषेत बसत नाही. यावर उपाय आहे आणि फुकट आहे. वर्डमध्ये मजकूर निवडायचा आणि त्याची भाषा जर्मन म्हणून नोंदवायची. मराठी सूचनेची भाषा मराठी. एनव्हीडीएत आपोआप भाषा बदलण्याची सोय चालू ठेवली, की सूचना मराठी आवाजात येते आणि वाक्य जर्मन आवाजात. एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात एका दृष्टिहीन तरुणानं लिहायला घेतला आणि आजही तो कुणालाही विनामूल्य मिळतो. त्याच्या सोबत येणारा आवाज यंत्राचा आहे, चढउतार नाहीत, पण उच्चाराचे नियम तो बरोबर पाळतो. चढउतारांसाठी मी प्रत्येक धडा माझ्या आवाजात भरून दिला, आणि पुढे ती स्वतःच डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संथ वाचलेल्या बातम्या गारगोटीच्या एसटीत ऐकायला लागली. समजत फार थोडं होतं, पण कान तयार होत होता.

जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं. डोळस मुलाला हे पानोपानी दिसतं, न शिकवता रुजतं. ऐकणाऱ्याला ते कळायचं कसं? स्क्रीन रीडर मोठं अक्षर वेगळं सांगतो, पण अक्षर-अक्षर वाचत गेलं तरच. म्हणून दर धड्याच्या शेवटी तिनं पाच-सहा वाक्यं बाणाच्या कळीनं एकेक अक्षर चालत जायची आणि नामं शोधायची. कंटाळवाणं काम आहे. तिनं कुरकुर न करता केलं, आणि त्यातून नाम ओळखण्याची तिची पकड इतकी घट्ट झाली की पुढे वाक्यरचना शिकवताना मला तिच्यापुरता वेगळा वेळ द्यावा लागला नाही.

ब्रेलचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडला. ब्रेल मी शिकले ते तिच्याकडूनच, जाड कागद, पाटी आणि स्टायलस घेऊन. उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. जर्मन ब्रेलच्या पातळ्या आहेत. पहिलीत छापील अक्षराला सहा टिंबांचं एक घर, म्हणजे सरळ हिशेब. दुसरीत काही अक्षरसमूहांना मिळून एकच घर. तिसरी म्हणजे लघुलिपी, आणि जर्मनीतले ब्रेल वाचक पुष्कळदा तीच वापरतात. आम्ही पहिलीपासून सुरुवात केली. ए, ओ आणि यू या अक्षरांवर दोन टिंबं येऊन जर्मनची तीन खास अक्षरं होतात. त्यांची घरं मी तिला टोचून दाखवली. पहिल्यावर बोट ठेवताच ती म्हणाली, "हे तर आ आहे." दुसरं औ निघालं, तिसरं ऊ. मी तक्ते काढून पडताळलं. आपलं भारती ब्रेल १९५१ साली ठरलं. त्यात ३-४-५ या क्रमांकांच्या टिंबांचा आ, २-४-६ चा औ आणि १-२-५-६ चा ऊ. जर्मन ब्रेलमध्ये हीच तीन घरं त्या तीन टिंबवाल्या अक्षरांची. छापील पानावर आपल्या मुलांना जी अक्षरं सर्वात परकी वाटतात, तीच तिच्या बोटांना आधीपासून ठाऊक होती. उच्चारही अगदी तेच नसले तरी तिघेही स्वरच, म्हणून लक्षात ठेवायला सोपे.

दुसऱ्या पातळीत मात्र हीच ओळख आडवी येते. तिथे ई-आय या जोडीला मिळून जे घर दिलंय ते भारती ब्रेलमध्ये श आहे, आणि सी-एच चं घर आपला थ. रोजच्या जर्मन शब्दांत या दोन जोड्या सतत येतात. मराठी वाचायची सवय असलेलं बोट तिथे ठेचकाळतं. म्हणून पहिली पातळी हाताखालून पूर्ण गेल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही असं आम्ही ठरवलं. माझ्या मते ए१ पुरती पहिलीच पुरे आहे.

लिहायचं कसं, यावर आमची बरीच चर्चा झाली. लेखनिकाचा हक्क आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं भरपाईचा वेळही आहे. पण परदेशी भाषेच्या पेपरात लेखनिक ही नाजूक गोष्ट आहे. त्याला जर्मन येत असेल तर शुद्धलेखन कुणाचं तपासलं हे कळत नाही. येत नसेल तर उमेदवारानं प्रत्येक शब्द अक्षर-अक्षर सांगायचा, त्यात वेळ आणि वाक्याचा धागा दोन्ही जातात. तिनं स्वतः टाइप करायचं ठरवलं. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा आपसात बदललेल्या असतात, आणि आपल्याकडे अर्धविरामाची जी कळ तिथे टिंबवाला ओ बसतो. वर्गातली बाकी मुलं कळांवर छापलेलं बघून सारखी चुकायची, कारण छापलंय एक आणि उमटतंय दुसरंच. तिला कळांवर काय छापलंय याच्याशी कर्तव्यच नव्हतं. एफ आणि जे वरचे उंचवटे शोधून बोटं जागेवर ठेवली की झालं. महिन्याभरात ती वर्गात सगळ्यात वेगानं जर्मन टाइप करायला लागली.

आता नामाच्या लिंगाचं. नामाआधी येणारे डेर, डी आणि डास, म्हणजे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी. मराठी मुलांना तीन लिंगांचं आश्चर्य वाटत नाही, पण कुठल्या नामाला कुठलं हे पाठच करावं लागतं. त्यासाठी रंग वापरायची पद्धत आहे: डेर निळा, डी लाल, डास हिरवा. तिला रंग नाहीत. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारे मुलगेही वर्गात असतात, त्यांचा विचार कुणी करत नाही. मी वस्तू आणल्या. डेरच्या वस्तूला सुतळी गुंडाळलेली, डीच्या वस्तूला सॅटिनची फीत, डासला काहीच नाही. चमचा, काटा आणि सुरी या तीन वस्तूंची जर्मनमध्ये तीन वेगळी लिंगं आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून: ल्योफल सुतळीचा, गाबल फितीची, मेसर नुसतं. पिशवीत हात घालायचा, वस्तू ओळखायची, वाक्य बोलायचं. ही पिशवी मी तिच्यासाठी केली होती. आता ती सगळ्या वर्गात फिरते.

व्याकरणाचे तक्ते तर तिच्यासमोर ठेवूच नयेत. स्क्रीन रीडर चौकट-चौकट वाचतो, आणि चौथ्या चौकटीला पोचेपर्यंत पहिलीत काय होतं ते हरवतं. कर्मकारकाचा अख्खा तक्ता एका वाक्यात मावतो: डेरचा डेन होतो, बाकी सगळं तसंच राहतं. हे वाक्य आणि त्याच्यामागून वीसेक उदाहरणं आम्ही पाढे म्हणावेत तसं तालात म्हणायचो. तक्ता पाहून शिकणाऱ्या मुलांनाही हे तोंडपाठ झालं आणि बोलताना त्यांचं अडखळणं कमी झालं.

रस्ता सांगण्याच्या धड्यात पुस्तकात एका जर्मन गावाचा नकाशा आहे. आम्ही तो सोडून दिला. राजारामपुरीच्या गल्ल्यांना नंबर आहेत, पहिली, दुसरी, तिसरी, आणि जर्मनमध्ये रस्ता सांगताना नेमकं हेच लागतं: डावीकडची तिसरी गल्ली, उजवीकडची दुसरी. संध्याकाळी सगळा वर्ग मुख्य रस्त्यावर नेला. एकानं जर्मनमध्ये सांगायचं, दुसऱ्यानं चालायचं. लिंक्स, रेख्ट्स, गेराडेआउस: डावीकडे, उजवीकडे, सरळ. रिक्षावाले थांबून बघायला लागले. ती पांढरी काठी घेऊन चालली, तेव्हा सांगणाऱ्यांची कसोटी लागली. "इकडे", "तिथे", "त्या दुकानापाशी" असं काही चालेना. किती पावलं, कुठल्या हाताला, कशाच्या पुढे, हे अचूक सांगावं लागलं. मला हवं होतं ते जर्मन त्या संध्याकाळी मुलांच्या तोंडून बाहेर पडलं.

तिच्या मागोमाग इतर आले. बातमी पसरली असावी.

डिप्लोमाला असलेला एक मुलगा इचलकरंजीहून यायचा. त्याला वाचनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, ज्याला सगळे डिस्लेक्सिया म्हणतात. त्याची आई पहिल्यांदा फोनवर म्हणाली, "ओ मॅडम, इंग्रजीतच त्याचे हाल झालेत, आता ह्यात आणि जर्मन कशाला?" त्यांची काळजी मला पूर्ण कळत होती. पण इंग्रजीतले हाल आणि जर्मनमधले हाल सारखे नसतात. इंग्रजीत तीच अक्षरं शब्दागणिक वेगळी वाजतात. जर्मनमध्ये नियम एकदा शिकला की बहुतेक ठिकाणी लिहिलंय तसं वाचता येतं, आणि मराठीची सवय असलेल्या मुलाला हे ओळखीचं वाटतं. डिस्लेक्सिया जात नाही. अशा भाषेत तो चुकांपेक्षा संथपणातून जास्त दिसतो. म्हणजे या मुलाला वेळ द्यायचा आणि घाई करायची नाही, हे माझ्या हातातलं होतं.

त्याच्यासोबत क्रम उलटा केला. आधी ऐकायचं, मग बोलायचं, मग अक्षरांच्या ठोकळ्यांनी शब्द जुळवायचा, लिहायचं सगळ्यात शेवटी. ई-आय आणि आय-ई या दोन जोड्या डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला हमखास फसवतात. अक्षरं तीच, क्रम उलटा, उच्चार निराळे. पुस्तकात त्या एकाच पानावर शेजारी शेजारी येतात. मी त्या तोडल्या. एक जोडी पूर्ण मुरेपर्यंत दुसरी त्याच्यापुढे येऊ दिली नाही. लांबलचक जोडशब्द पाहून तो हबकायचा. जर्मनमध्ये शब्द शब्दाला चिकटत जातात आणि ओळभर लांबीचा एकच शब्द होतो. त्याच्या कागदांवर मी अशा शब्दांत उभ्या रेघा मारून दिल्या आणि शेवटच्या तुकड्यापासून वाचायला शिकवलं, कारण मुख्य अर्थ आणि लिंग दोन्ही शेवटच्या तुकड्यात असतात. काही दिवसांनी रेघा तोच मारायला लागला.

कागदही बदलले. अक्षर मोठं, ओळींत दीडपट अंतर, पाठकोरी पानं, पानावर एकच काम. अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर डिस्लेक्सिया असलेली मुलं अधिक वेगानं आणि कमी चुका करत वाचतात, हे इटली आणि फ्रान्समधल्या मुलांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. खर्च काहीच नाही, प्रिंट काढण्याआधी एक सेटिंग बदलायचं. वर्गातल्या चाचणीत त्याला मजकुराचे गुण वेगळे आणि शुद्धलेखनाचे वेगळे द्यायला लागले. पहिल्यांदा मजकुराला पूर्ण गुण पाहिले तेव्हा त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला. कागद परत द्यायचा असतो, पण मी मागितला नाही.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला आणि कोल्हापुरात जर्मनच्या चौकशा एकदम वाढल्या. त्यात सांगलीची एक परिचारिका होती, दोन्ही कानांना श्रवणयंत्र. तिच्यामुळे मला कळलं की श्रवणयंत्र सगळंच मोठं करतं, बोलणंही आणि पंख्याची घरघरही. खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं बसवली. ऐकण्याच्या तासाला पंखा बंद, उन्हाळ्यातसुद्धा, आणि वर्गानं ते मान्य केलं. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, एका वेळी एकानंच बोलायचं.

ओठांवरून वाचण्याला मर्यादा आहेत. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. घशातले आवाज दिसतच नाहीत, आणि जर्मनमध्ये ते बरेच आहेत. पण यूवर दोन टिंबं असलेला स्वर मात्र दिसतो! जीभ ईच्या जागी ठेवून ओठ गोल करायचे असतात, आणि कानांनी ऐकणारी मुलं नेमकी इथेच गोंधळतात. ओठ बघायची सवय असलेल्या या मुलीनं तो पहिल्याच दिवशी बरोबर काढला. मग मी सगळ्यांना फोनचा सेल्फी कॅमेरा लावून स्वतःचे ओठ बघत तो स्वर म्हणायला लावलं. न दिसणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीनं ओठांवर बोट ठेवून तो साधला.

वर्ग पहिल्या मजल्यावर होता. चाकाच्या खुर्चीतला एक मुलगा आला, तेव्हा आम्ही तळमजल्यावरची खोली घेतली आणि उंबऱ्यावर लाकडी उतार बसवला. त्यात सांगण्याजोगं एवढंच. तो जर्मन इतरांसारखंच शिकला.

परीक्षेची तयारी वेगळी करावी लागते. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवन या जर्मन भाषेच्या संस्थेची ए१ परीक्षा ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं अशा चार भागांची, शंभरपैकी साठ गुणांना उत्तीर्ण. विशेष गरजा असलेल्या उमेदवारांसाठी परीक्षेच्या नियमांना जोडलेली स्वतंत्र पुरवणी आहे. त्यात एक महत्त्वाची अट आहे: गरज नावनोंदणीच्या वेळीच कळवायची आणि दाखला जोडायचा. ऐन परीक्षेच्या दिवशी मागून उपयोग नाही. म्हणून आम्ही दोघींनी नमुना पेपर घेऊन भागवार यादी केली. ऐकण्याच्या पहिल्या भागात उत्तरांचे पर्याय चित्रांसह असतात, तिथे काय लागेल. बोलण्याच्या तिसऱ्या भागात चित्राचं कार्ड उचलून त्या वस्तूसाठी विनंती करायची असते, तिथे काय लागेल. अर्ज भरण्याचा स्वाध्याय संगणकावर कसा यावा. नुसतं "जादा वेळ हवा" असं लिहून भागत नाही, कारण चित्र पाहायला दुप्पट वेळ दिला म्हणून ते दिसायला लागत नाही. प्रत्येक मागणीपुढे तिनं कारण लिहिलं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र जोडलं आणि पत्र स्वतःच्या नावानं पाठवलं. मी फक्त जर्मन तपासलं.

परीक्षेला तिचे वडील सोबत गेले. ती उत्तीर्ण झाली आणि बोलण्याच्या भागात तिला सर्वात चांगले गुण होते. डिप्लोमावाला मुलगाही पुढच्या खेपेला सुटला. त्याच्या आईनं फोन केला तेव्हा मधेच त्यांचा आवाज भरून आला.

आता आम्ही ए२ ला आहोत आणि नऊ शब्दयोगी अव्ययांपाशी आलोय. वर, खाली, आत, मागे, मध्ये वगैरे. वस्तू जागेवर स्थिर असेल तर पुढच्या नामाची एक विभक्ती, आणि तिकडे नेली जात असेल तर दुसरी. हा भेद पुस्तकात मांजर, टेबल आणि बाण यांच्या चित्रांनी दाखवलाय, आणि डोळस मुलंही बाण कुठला नि मांजर कुठलं यात घोटाळा करतात. मी पत्र्याचा डबा आणि एक किल्ली घेतली. हात डब्याकडे जात असेल तर कर्मकारक, हात पोचून थांबला की संप्रदान, म्हणजे डेरचा डेम. डोळे मिटायचे, किल्ली न्यायची, नेतानेता वाक्य बोलायचं, हात थांबला की दुसरं बोलायचं. पहिली फेरी तिनं घेतली. परवापासून वर्ग तीच चालवतेय या धड्यापुरता. इतरांचे हात धरून डब्यापर्यंत नेते आणि विचारते, "आता हात हलतोय की थांबलाय? मग सांग बघू, डेन का डेम?"